जोमोखारच्या पोटात

जोमोखारच्या पोटात पोकळी आहे हे हेमांगी दळवीला कळलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तिच्या हातातल्या कपातला चहा कधीच निवून गेला होता. पडद्यावर डोंगराची करडी छाया होती. गेली तीन वर्षं ती तशीच होती, भरीव, ढिम्म. यंदाच्या छायेत मात्र माथ्यापासून बरीच खाली एक फिकट रेघ उमटली होती. चारशे मीटर लांब, आणि शेवटाला तीन फुगवटे. इतकी सरळ रेघ निसर्ग काढत नाही.

तिनं आकडे तीनदा तपासले. मग कप बाजूला ठेवला आणि खिडकीतून खराखुरा जोमोखार पाहिला. चार किलोमीटरवर, दरीच्या पलीकडे, ऑक्टोबरच्या स्वच्छ उन्हात तो नेहमीसारखाच उभा होता.

यंत्राचं नाव अद्रिदर्शक. नावही तिचंच आणि यंत्रही. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात आणि त्या टकरीतून म्युऑन नावाचे कण जन्माला येतात, इलेक्ट्रॉनचेच पण वजनदार भाऊबंद. हात पुढे केला तर सेकंदाला एखादा म्युऑन तळहातातून आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. खडकातूनही ते जातात, पण खडक जितका जाड तितके वाटेत अडकणारे जास्त. डोंगराच्या अलीकडे बसून कुठल्या दिशेनं किती कण पोचले हे मोजत राहिलं, तर एक्स-रे काढावा तशी डोंगराची छाया तयार होते. पोकळी असेल तिथून कण जास्त येतात. अडचण एकच: आडव्या दिशेनं येणारे म्युऑन फार थोडे, त्यामुळे छाया उमटायला महिने लागतात. हेमांगीनं कण लागताच चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या सहाशे पट्ट्यांची भिंत उभी केली, आणि चार किलोमीटरवरच्या डोंगरातली एखादी खोलीसुद्धा दिसू लागली.

तिला खरं तर पाणी बघायचं होतं. दरड कोसळण्याआधी डोंगरात पाणी साचतं, ते वेळेवर दिसावं एवढीच तिची इच्छा. या यंत्रामुळे तीन गावं वेळेत हलवता आली होती. मग संरक्षण खात्याला यंत्राची आठवण झाली आणि अद्रिदर्शक सीमेवरच्या या ठाण्यावर आला.

कारण जोमोखार आपल्या देशात नव्हता. तो मेरुंगमध्ये होता. मेरुंग म्हणजे आपल्या दोन जिल्ह्यांएवढा देश, सहा लाख माणसं. जोमोखारच्या पायथ्याशी ताशीलुंग नावाचं गाव होतं. पडद्यावर ते कुठंच दिसत नव्हतं; हेमांगीला दिसत होतं.

ब्रिगेडियर जाचक दुसऱ्या दिवशी आले. बारामतीकडचे, उंच, हळू बोलणारे. त्यांनी खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बराच वेळ बसून राहिले.

"मॅडम, हा बोगदा कधीचा?"

"अकरा-बारा महिन्यांतला. गेल्या वर्षीच्या छायेत नाही."

"आणि या तीन खोल्या. यात क्षेपणास्त्र मावेल?"

"मावेल. गुरांचा गोठाही मावेल."

जाचक हसले नाहीत. "मेरुंगनं मार्चमध्ये उत्तरेकडच्या महासत्तेशी रस्त्याचा करार केला. त्यानंतर हा बोगदा पुरा झाला. इथून खाली आपल्या पायथ्याच्या शहरापर्यंत साठ किलोमीटर. पंचवीस लाख लोक. तिथून काही सुटलं तर शहराला दोन मिनिटंही मिळणार नाहीत. राजधानीत चर्चा झालीय. दहा दिवसांत खिंडी बर्फानं बंद होतील. जायचं तर त्याआधी."

"जायचं म्हणजे?"

"खबरदारीचा प्रवेश, असा शब्द आहे." तो शब्द त्यांनी किंचित तोंड वाकडं करून उच्चारला. "चार दिवसांत खोरं ताब्यात घ्यायचं. त्यासाठी तुमची सही लागेल, की ही पोकळी लष्करी स्वरूपाची आहे."

"यंत्राला पोकळी दिसते, साहेब. आत काय आहे ते दिसत नाही. लोखंड आहे की लाकूड, हे सांगायला अजून चाळीस दिवस मोजावं लागेल."

"चाळीस दिवस नाहीत."

"मग मला ठाऊक नाही, असंच मी म्हणू शकते."

जाचकांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अकरा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका सीमेवर माझ्या तुकडीसमोर एक खोदकाम होतं. धान्याचं कोठार असावं, असा अहवाल आला. खात्री नाही, असंही त्यात लिहिलं होतं. मग एके दुपारी त्या कोठारातून तोफगोळे आले. एकोणीस पोरं गेली. एकोणीस घरांना मी स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. म्हणून 'ठाऊक नाही' हा शब्द मला ऐकवत नाही." ते उठले. "शुक्रवारपर्यंत विचार करा."

ते गेल्यावर हेमांगी पडवीत जाऊन उभी राहिली. दरीतून थंड वारा येत होता आणि त्याला जळक्या देवदाराचा वास होता. त्या वासानं तिला चौतीस वर्षं मागं नेलं.

ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. दरडींवर संशोधन करायला ताशीलुंगला गेली होती, सहा महिन्यांसाठी, आणि राहिली तीन वर्षं. शाळामास्तरांच्या घरी वरची खोली होती. वर जायला एकाच ओंडक्यात खाचा पाडून केलेला जिना. पहिल्या आठवड्यात ती त्यावरून दोनदा पडली. मास्तरांची मुलगी पेल्दोन तिच्याच वयाची. भूकंपमापक पाठीवर बांधून ती पुढे चालायची, हेमांगी वह्या घेऊन मागे. छपरांवर लाल मिरच्या वाळत पडलेल्या असायच्या, संध्याकाळी चुलीभोवती खारट लोण्याचा चहा आणि कुट्टूच्या पिठाची धिरडी. पेल्दोनच्या आईनं तिला कधी "तू कुठली" असं विचारलं नाही. विचारायची ते एवढंच, की भूक लागली का. दुसऱ्या हिवाळ्यात हेमांगीचा पाय मोडला तेव्हा गावातल्या चौघांनी घराचं दार बिजागऱ्यांतून काढलं, तिला त्यावर झोपवलं आणि अकरा तास चालत रुग्णालयापर्यंत नेलं. ते घर आठवडाभर बिनदाराचं राहिलं, भर बर्फात.

निघताना तिनं दर वर्षी येईन म्हणून शब्द दिला होता. मग लग्न झालं, शाल्मली झाली, नोकरी, बदल्या. सीमेवरचे परवाने कडक झाले. पत्रं वर्षाला दोन होती, एक झाली, थांबली. आणि गेली चार वर्षं ती त्याच गावाच्या डोंगरात डोकावत होती. पेल्दोनला विचारावं, असं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

शाल्मली गुरुवारी दुपारी वर आली. कॅप्टन शाल्मली, डोंगरी पलटणीत. तिची तुकडी खालच्या पठारावर तंबू ठोकून होती. आईनं पुढे केलेल्या डब्यातले पोहे तिनं उभ्याउभ्याच खाल्ले.

"पहिली तुकडी आमची जाणार आहे," ती म्हणाली. "तुला सांगायला नको होतं, पण कळणारच."

हेमांगीनं डब्याचं झाकण उचलून पुसायला घेतलं.

"आई, तू सही करत नाहीयेस असं ऐकलं. त्या गावासाठी?"

"मला माहीत नाही म्हणून."

"खरं सांग."

हेमांगीनं तिच्याकडे पाहिलं. "दोन्ही असेल."

"मी लहान असताना तू मला रोज त्याच गावच्या गोष्टी सांगायचीस. दार काढून नेणारी माणसं. मला वाटायचं, असं गाव नसतंच कुठं." शाल्मलीनं डबा खाली ठेवला. "पण ते तुझ्या चोवीस वर्षांचं गाव आहे. आता तिथं कोण राहतं, त्यांच्या मनात काय आहे, तुला माहीत नाही. खाली शहरात कोण राहतं ते मला माहीत आहे. तुझ्या आठवणींवर मी त्यांना सोडू शकत नाही."

हे लागलं, कारण ते खरं होतं. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला ती पट्ट्यांच्या भिंतीकडे वळली.

"माझ्या काळजीनं काही ठरवू नकोस," शाल्मली थोडं मऊ होत म्हणाली. "हुकूम आला तर मी जाणारच. फक्त काय आहे ते कळून गेले तर बरं वाटेल. नुसत्या सावलीवर जायचं म्हणजे..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. टोपी घातली आणि उतरणीला लागली.

शुक्रवारी जाचक आले तेव्हा सहीच्या जागी हेमांगीनं लिहिलं होतं: 'ठाऊक नाही. मेरुंगला विचारून, जाऊन बघते. मला परवानगी द्यावी.'

"दुसऱ्याच्या घरात बघायला त्याचीच परवानगी मागायची?" जाचक म्हणाले.

"एरवी आपण काय करतो, साहेब?"

जाचक खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "मंगळवारी संध्याकाळपर्यंत. त्यापलीकडे माझ्या हातात काही नाही."

सीमेवर दोन्ही ठाण्यांच्या मध्ये एक लाकडी पूल होता. रविवारी सकाळी हेमांगी पांढरं निशाण घेतलेल्या एका जवानाबरोबर पुलाच्या मध्यापर्यंत गेली. पलीकडून एक बाई येत होती. आखूड कापलेले पांढरे केस, डोळ्यांवर जाड चष्मा. ती खोऱ्याची प्रमुख होती, मेरुंगकडून आलेल्या होकाराच्या निरोपाखाली सहीही तिचीच होती, तरी हेमांगीला क्षणभर ओळख पटली नाही. मग ती बाई एक खांदा पुढे काढून चालतेय हे दिसलं. पाठीवर ओझं वाहून सवय झालेलं चालणं.

"पेल्दोन!"

पेल्दोन थांबली. त्या दोघींची आपसातली भाषा पूर्वीपासून हिंदी, मधेमधे मेरुंगी आणि मराठीचे तुकडे पडलेली. पण आज ती सरकारी हिंदीत बोलली. "आमच्या डोंगरात पोकळी आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

हेमांगीनं सांगितलं. कण, पट्ट्या, छाया, सगळं. काही लपवलं नाही.

"कधीपासून बघतेस?"

"चार वर्षं."

"चार वर्षं." पेल्दोननं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझी आई तुझ्यासाठी वरची खोली नऊ वर्षं रिकामी ठेवून होती, हेमा. कुणाला राहू दिलं नाही. आणि तू तिथून आमच्या भिंतींच्या आरपार बघत बसलीस. एक पत्र टाकलं असतंस. मी दार उघडून दाखवलं असतं."



पेल्दोननं हेमांगीला एकटीला नेलं. बोगद्याचं तोंड शाळेच्या मागेच होतं. आत ओळीनं फळ्यांचे बिछाने, पाण्याच्या टाक्या, बार्लीची पोती, भिंतीवर खडूनं काढलेली बाराखडी. पहिल्या खोलीत शाळा, दुसऱ्यात म्हातारी आणि आजारी माणसं, असं ठरलेलं होतं.

"गेल्या वर्षी याच सुमारास तुमच्या टीव्हीवर एक माणूस म्हणाला, मेरुंग चार दिवसांत संपेल. इथं ते सगळ्या गावानं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही खोदायला लागलो. आमच्याकडे पळायला मागे जागाच नाही, मग डोंगरात शिरायचं."

"आणि रस्त्याचा करार?"

"तुम्ही भीती घातलीत, मग आम्ही दुसरा मोठा शेजारी शोधला. त्याचीही भीती वाटतेच."

तिसऱ्या खोलीला कुलूप होतं. पेल्दोन दारापाशी थांबली, मग कंबरेची किल्ली काढली. आत लाकडी खोके होते, चाळीस. तिनं एकाचं झाकण उचललं. खांद्यावरून डागायची, रणगाडा फोडणारी अस्त्रं.



"हे लिहिशील?" पेल्दोननं विचारलं.

"लिहीन."

"मग ते येतील."

"हे गाळलं तर माझ्या बाकीच्या शब्दांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये." हेमांगीनं अस्त्राच्या नळीवर बोट ठेवलं. "यांचा पल्ला दोन किलोमीटर. हेही लिहीन."

पेल्दोननं झाकण लावलं. "मग माझं एक लिही. आमच्या डोंगरात बघायचं तर आम्हालाही तुमचा डोंगर बघू दे. तसलंच यंत्र, इकडून तिकडे."

मंगळवारी दुपारी जाचकांनी अहवाल दोनदा वाचला. खोक्यांच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"शस्त्रं आहेतच की."

"आहेत. रणगाडे त्यांच्या गावात शिरले तरच उपयोगाची. आपण गेलो नाही तर पडून राहतील."

"आणखी काही असेल. भिंतीआड, दुसऱ्या डोंगरात."

"असेलही. पाहिलं तेवढं लिहिलंय."

"म्हणजे शंका उरलीच, मॅडम."

"शंका उरणारच, साहेब. डोंगर कापून दोन केला तरी उरेल. ती मिटवायला आपण त्यांच्या घरात शिरलो, तर त्यांनी ज्या भीतीनं हे खोदलं ती खरी ठरवून येऊ. आणि मग पुढची पन्नास वर्षं त्या प्रत्येक डोंगरातून आपल्याला खरोखरच धोका असेल."

बाहेर एक ट्रक चढण चढत होता, त्याचा आवाज येत राहिला, मग थांबला.

"माझी पोरं गेली," ते शेवटी म्हणाले, "तेव्हा त्या कोठारापर्यंत कुणी चालत गेलं नव्हतं. लांबूनच बघून लिहिलं होतं. मी इतकी वर्षं समजत आलो, की आम्ही आधी हल्ला करायला हवा होता. जाऊन बघायला हवं होतं, हे डोक्यातच आलं नाही." त्यांनी पेन काढलं आणि अहवालाखाली लिहिलं: 'प्रवेश करू नये. मेरुंगची मागणी मान्य करून परस्पर पाहणी करावी.' मग सही केली. "आता माझी बढती विसरा," असं म्हणून ते पहिल्यांदाच हसले.

राजधानीत त्या कागदावर दोन दिवस भांडण झालं. तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि खिंडी मिटल्या. हिवाळाभर वाहिन्यांनी हेमांगीला 'मेरुंगची मावशी' म्हणून हिणवलं. तिला ठाण्यावरून काढलं. जाचकांना खाली मैदानी मुलखातल्या कुठल्याशा कचेरीत धाडलं. पण मार्चमध्ये दोन्ही सरकारांची बोलणी झाली, करार झाला, आणि मेरुंगचं यंत्र उभारायला हेमांगीलाच पाठवायचं ठरलं. दुसरं कुणाला ते येतही नव्हतं.

मे महिन्यात ती ताशीलुंगला पोचली. चौतीस वर्षं मनात जपलेलं गाव तिला तिथं सापडलं नाही. छपरं पत्र्याची झाली होती. मास्तरांचं घर पाडून नवं बांधलं होतं. पेल्दोनची आई जाऊन वर्षं लोटली होती. जीप शाळेसमोर थांबली आणि हेमांगी खाली उतरली, तशी मैदानात खेळणारी मुलं एकदम थांबली. त्यांनी तिच्या जीपवरचं निशाण पाहिलं, आणि कुणीही न सांगता रांग धरून, एकमेकांचे हात पकडून, बोगद्याकडे चालू लागली. रडली नाहीत, धावली नाहीत. शिकवलेलं होतं तसं.

पेल्दोन धावत बाहेर आली आणि तिनं त्यांना मागे बोलावलं. हेमांगी जीपच्या दाराला धरून उभी राहिली. तिच्या आठवणीत इथली मुलं तिच्या वह्या धरायला भांडायची.

पट्ट्या उभ्या करायला महिना गेला. पेल्दोननं तिला घरी ठेवलं, जेवू घातलं, पण पूर्वीसारखं हसून बोलायला तिला दिवस लागले. मग एकदा हेमांगीचा पाय ओल्या पायरीवर घसरला आणि पेल्दोन मराठीत ओरडली, "सांभाळ गं!" दोघी दचकून एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग पायरीवरच बसून खूप हसल्या. पेल्दोनला हसता हसता रडू आलं.

सप्टेंबरमध्ये छाया उमटली. या वेळी आपला डोंगर, आपलं ठाणं. त्यात सात पोकळ्या होत्या.

पेल्दोन पडद्याकडे बघत राहिली. "यांत काय आहे?"

"मला ठाऊक नाही," हेमांगी म्हणाली. आणि तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"सात आहेत. आमची एकच होती, तीन खोल्यांची." पेल्दोनचा आवाज शांत होता. "आता मला भीती वाटतेय, हेमा. अगदी तुमच्या ब्रिगेडियरला वाटली तशीच. मग आम्ही तुमच्यावर चालून यावं का? कुणी म्हणेल का, की बरोबर आहे, त्यांना भीती वाटली होती?"

हेमांगीनं नाही म्हणून मान हलवली.

"मग तेच मोठ्यांनाही लागू करा," पेल्दोन म्हणाली, आणि करारात होतं तसं तिनं पत्र लिहायला घेतलं.

उत्तर आठवड्यात आलं: या आणि बघा. ऑक्टोबरात, एका निरभ्र दुपारी, पेल्दोन आणि दोन शिक्षक लाकडी पूल ओलांडून आले. हेमांगी बरोबर होती. पहिल्या पोकळीच्या लोखंडी दारापाशी कॅप्टन शाल्मली उभी होती. दाखवायचं काम तिच्याकडे आलं होतं. सातही दारं तिनं एकेक करून उघडली. दारूगोळा, इंधन, कोरडा शिधा. पेल्दोननं विचारलं त्या प्रत्येक गोष्टीचं तिनं नीट उत्तर दिलं, आणि शिक्षक वहीत लिहीत गेले.

बाहेर आल्यावर पेल्दोननं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "तू हिची मुलगी. गेल्या वर्षी पहिल्या तुकडीत तूच येणार होतीस?"

शाल्मलीनं आईकडे पाहिलं, मग सरळ पेल्दोनकडे. "हो. तयार होऊन बसले होते."

"शाळेपाशी आमचे चाळीस जण त्या खोक्यांसह बसणार होते. मी पण."

शाल्मलीचा चेहरा उतरला होता. गेल्या ऑक्टोबरात समोर कोण असतं, हे तिला आज कळत होतं.

पेल्दोननं वही मिटली आणि पिशवीत टाकली. "जूनमध्ये बार्ली कापतो आम्ही. माणसं कमी पडतात. रजा मिळाली तर ये. वर्दी घरी ठेवून."

"मला कापणी येत नाही," शाल्मली म्हणाली.

"तुझ्या आईलाही येत नव्हती. तीन वर्षं नुसता विळा धरून उभी राहायची."

शाल्मली हसली आणि लगेच गंभीर झाली. "अर्ज करते," ती म्हणाली. पेल्दोननं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुलाकडे निघाली. हेमांगी मागेच राहिली, दोघींकडे बघत. चौतीस वर्षं आपण जे गाव जपलं ते आता कुठंच नाही, हे तिला मान्य झालं होतं. आणि मुलगी मात्र खऱ्या गावात जाणार होती.